टकलूची निळी रेघ

४ ऑगस्ट

भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, लागतील तेवढे घे.

काल फोन केला, तू उचललास, मी तीनदा "काय?" म्हटलं आणि तू ठेवून दिलास. चूक माझी. जबडा वाकडा जुळल्यापासून फोनवर तुझे शब्द गिळले जातात, हे अकरा वर्षं माहीत असून मी तेच करते. म्हणून पत्र. पत्रात तू स्पष्ट बोलतोस, शिवाय खोटं लिहायचा तुला आळस आहे.

काम आहे. माझ्याकडे नववी ब, बावन्न मुलं. शाळेने वर्गात भिंतभर पडदा बसवलाय. मी रोज त्यावर 'बल' या धड्याची तयार चित्रं दाखवते, मुलं रोज झोपतात. झोपत नाहीत ती मारामाऱ्या करतात. परवा मी पाठ वळवून पडद्यावरचा बाण समजावत होते, बल कुठल्या दिशेला लागतं त्याचा. मागून किंकाळी आली. एकाने शेजारच्याच्या तळहातात कंपासचं टोक खुपसलं होतं. हात बाकाला टाचल्यासारखा दिसत होता आणि रक्त माझ्याच धड्याच्या वहीवर पसरत होतं. का केलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, "मॅडम, किती आत जातं ते बघत होतो." त्याला हेडसरांपुढे उभं केलं, ते वेगळं. पण खरं सांगू? वर्षभरात माझ्या वर्गात कुणाला पडलेला तो पहिला विज्ञानाचा प्रश्न होता.

ऑक्टोबरात तपासणी आहे. 'तंत्रज्ञानाचा वापर करून' पाठ दाखवायचाय. हेडसरांच्या मते पडदा चालू असला की तंत्रज्ञान झालं. मला असं काही हवंय ज्याला मुलं स्वतः हात लावतील आणि त्यांच्याच हाताचं काहीतरी पडद्यावर उमटेल. तू मोडक्या गाड्यांच्या आवारात आहेस, तिथे काय काय निघत असेल. तुला जमेल.

आप्पा मार्चपासून माझ्याकडे राहतात. बेकरी बंद केली. गुडघे गेलेत, हात तसेच आहेत. तुझं नाव काढतात. एवढं फक्त कळवते.

ताई

*

११ ऑगस्ट

ताई,

नमस्कार समजून घे, हात ग्रीसचे आहेत, कागदाला कमीत कमी लावतोय.

आमच्याकडे रोज आठदहा मेलेल्या गाड्या येतात. कुठली झाडावर गेलेली, कुठली ट्रकखाली. पुढचं तोंड चेपून पार मागच्या सीटपर्यंत. आम्ही दोघं, मी आणि पोपट, आधी काचा झाडतो, मग उपयोगाचं काढतो आणि उरलेलं दाबयंत्रात जातं. आख्खी गाडी पेटीएवढी होते. होताना ओरडते बरं का, पत्रा माणसासारखा ओरडतो. मला पहिल्या महिन्यात झोप यायची नाही, आता त्याच्या आवाजावर डुलकी लागते.

पोपट म्हणजे माझा खोलीतला भिडू. तोंड सकाळी उघडतं ते जेवायलाच बंद होतं, म्हणून पोपट. काल एका गाडीच्या डॅशबोर्डमध्ये दात रुतलेला सापडला, मुळासकट. पोपटने काय करावं? तो माझ्या चहाच्या ग्लासात टाकला. अर्धा ग्लास पिऊन झाल्यावर ओठाला लागला. मी त्याला एक चापट मारली. एकच. बावळट मटकन खाली बसला आणि म्हणतो, दोन्ही कान वाजतायत. एका चापटीत दोन्ही कान! नाटक कंपनीत जायचा तो चुकून इथे आलाय.

काय सांगत होतो? हां. गाडी आपटली की सगळ्यात आधी कळतं ते एका नखाएवढ्या चकतीला. सेन्सर म्हणतात. तिला धक्का कळतो आणि ती हवेची पिशवी फुगवते. माणसाला "मेलो" म्हणायला वेळ मिळायच्या आधी. अशा चकत्या माझ्याकडे डबाभर आहेत. तुला एक डोकं बनवून देतो. खरंच, डोकं. पोरांनी त्याला हाणायचं आणि किती जोरात हाणलं ते तुझ्या भिंतीवर दिसेल. एकमेकांना मारण्यापेक्षा ते बरं.

आप्पांचं वाचलं. मी काय मागतो ते तुला माहीत आहे. त्यांनी माफी मागावी असं मी म्हणतच नाही. तू मला लिही, 'तू पडला नव्हतास.' एवढंच वाक्य. दुसऱ्या दिवशी मी घरी.

भिंगरी

*

२० ऑगस्ट

भिंगरी,

तो दात फेकू नका, गाडीच्या कागदांबरोबर द्या. कुणाचा तरी आहे. आणि एका चापटीने तरणा माणूस खाली बसत नाही. जोरात मारली असशील. पोपटची माफी माग.

आता तुझं वाक्य. मला ते लिहायचंय रे. अकरा वर्षं लिहायचंय. पण मी तेव्हा होस्टेलला होते. परत आले तर तू तारांनी बांधलेला जबडा घेऊन पडलेला. आई म्हणाली, पिठाच्या माळ्याच्या जिन्यावरून पडला. आप्पा म्हणाले, चापट मारली ते नाकारत नाही, एक मारली, पण हाड मोडलं ते नंतर, पडल्यामुळे. तू म्हणालास आप्पांनीच मोडलं.

आई आप्पांना वाचवायला खोटं बोलली असेल, हे मी धरून चालते. पण आप्पा उजव्या हाताचे. समोर उभ्या माणसाला उजव्या हाताची चापट मारली तर ती त्याच्या डाव्या गालावर बसते. तुझ्या डाव्या गालावर चार बोटं उमटलेली मी पाहिली. मोडला होता तो जबडा उजवीकडचा. चापट एका बाजूला, मोड दुसऱ्या बाजूला. माणसं खोटं बोलतात, दिशा खोटं बोलत नाही. दर वेळी तपासते आणि दर वेळी जिन्यावरच येऊन थांबते.

विश्वास ठेवायचाय म्हणून ठेवता येत नाही, हा माझा दोष धर. त्यांनी मला कधी बोटही लावलं नाही, मी बेकरीत कधी पायही ठेवला नाही. त्यामुळेही असेल.

डोकं पाठव. मुलांना सांगितलंय, वाट बघतायत.

ताई

*

२ सप्टेंबर

ताई,

तुझा हिशोब बरोबर आहे. मला त्याचं उत्तर येत नाही. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला दिशा विचारू नयेत. मला आठवतं ते सांगतो. आठव्या वर्षापासून मी त्या बेकरीत पिठाचे गोळे आपटत होतो. त्या दिवशी तेरा वर्षांचा होतो आणि भट्टीतला एक आख्खा घाणा माझ्या हातून करपला. आप्पांचा हात आला. मोठा आवाज झाला. मग जमीन, तोंडात मैदा आणि रक्त. जिना माझ्या मागे पाच हातांवर होता. तिथपर्यंत मी पोचलोच नव्हतो. बस.

खोकं उघडताना आतलं डोकं बघून ओरडू नकोस. सीटच्या वर डोकं टेकायची उशी असते, तिच्या दोन सळ्या लोखंडी पायात रोवल्या आहेत. दोन्ही गालांत एकेक चकती. गाडीत त्या दोन्ही बाजूंना जोडीने येतात, एक तोडून काढायचा कंटाळा आला. वायर लॅपटॉपला, लॅपटॉप पडद्याला. डाव्या गालाची रेघ लाल, उजव्याची निळी. पोरं डाव्याच गालावर मारणार, निळी नुसती झोपून राहील. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

आकडा दुकानातल्या तराजूसारखा अचूक नाही, पण कोणाचा जास्त कोणाचा कमी ते खरं सांगतो. सोबत गिअरचं एक चाक ठेवलंय. डोकं आडवं करून गालावर हे चाक कोपरभर उंचीवरून सोड. दहा आले की ठीक. कमी आले तर मला कळव. तसंच एक डोकं मी इथेही बनवून ठेवलंय, लांबून दुरुस्ती सांगायला बरं.

ज्या सीटची उशी आहे ना, तिच्यावर डाग होते. धुतलेत. पोरांना सांगू नकोस.

पोपट बोलेनासा झालाय. सुख आहे.

भिंगरी

*

१५ सप्टेंबर

भिंगरी,

एकही जण झोपला नाही. बावन्नच्या बावन्न उभे.

त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत त्याला खडूने डोळे काढले आणि टकलू नाव ठेवलं. मी म्हटलं, हे जे दहा आले ते दहा काय? किलो? मीटर? कुणीतरी मागून म्हणालं, "दहा टकलू." वर्ग हसला, मी फळ्यावर लिहिलं. चाक कोपरभरावरून पडलं की दहा टकलू. मग प्रश्न सुरू झाले: कोपर कुणाचं? मॅडमचं की माझं? एकक सगळ्यांचं सारखं का असावं लागतं, हे मी पाच वर्षं शिकवतेय. ते यांनी स्वतःहून भांडून काढलं.

शेवटच्या बाकावर एक मुलगी आहे. तिचा आवाज मी हजेरीपलीकडे ऐकलेला नव्हता. ती लॅपटॉपपाशी आली ती हललीच नाही. मुलं तिला स्क्रीनवाली म्हणतात. ती आकडा बघत नाही, रेघेचा आकार बघते. म्हणाली, "मॅडम, ठोसा डोंगरासारखा येतो आणि चापट काट्यासारखी."

आता वाईट. मी पहिल्या दहांची यादी भिंतीवर लावली. तीन दिवसांत मधल्या सुट्टीत रांगा लागल्या. चौथ्या दिवशी एक नंबरवाला आणि दोन नंबरवाला नळापाशी भिडले, की टकलूवर तर कोणीही मारेल, खऱ्यावर मारून दाखव. मी पोचेपर्यंत एकाचं नाक चेहऱ्यावर आडवं झालं होतं आणि नळाखालचं पाणी लाल. आणि भोवती उभी पोरं काय करत होती सांगू? ओरडून आकडे सांगत होती. "तीस! नाही, पस्तीस!" माझंच शिकवणं. त्या आवाजात मला माझा आवाज ऐकू आला.

यादी फाडली. आता काय करू ते तू सांग. टकलू बंद केला तर पुन्हा कंपास.

निळी रेघ कायम सपाट असते. मुलं विचारतात ती कशाला.

ताई

*

२२ सप्टेंबर

ताई,

यादी लावायला नको होती. इथेही मालकाने फळा लावला होता, दिवसाला कोण किती गाड्या मोडतो. एकाचा अंगठा गेला.

दोन गोष्टी कर. एक, त्यांना सांग की आता कमी करून दाखवा. टकलूच्या गालाला काहीही बांधा, कापड, पुठ्ठा, स्पंज, आणि तोच फटका निम्मा करा. चांगली गाडी कुठली माहीत आहे? जी स्वतः चेपते. पुढचं तोंड असं घडी होतं की सगळा धक्का तिथेच खर्च होतो, मागच्या माणसापर्यंत उरतच नाही. जुन्या टणक गाड्यांना ओरखडा येत नाही आणि आतले सगळे मेलेले. हे मी स्वतःच्या हाताने पुसलेल्या सीटांवरून सांगतो. पुस्तक नाही वाचलेलं.

दुसरं, कामाची माणसं बोलाव. गवंडी, शिंपी, लोहार, ज्याचा त्याचा हात. नुसती ताकद बघू नका. प्रत्येक कामाचा हात वेगळा उठतो, त्या तुझ्या स्क्रीनवालीला रेघांचे आकार बघायला मिळतील. तपासणीवाल्यांनाही बरं वाटेल, समाज शाळेत आला वगैरे.

इकडे पोपटने बखेडा केलाय. डॉक्टरकडे जाऊन आला, म्हणे कानाचा पडदा फाटला, ऐकू येत नाही. मालकासमोर मला उभं केलं. मी विचारलं, कुठला कान? उजवा. मी म्हटलं, मालक, मी मारली उजव्या हाताने, त्याच्या डाव्या गालावर, सगळ्यांनी पाहिली, आणि कान फाटला उजवा? माझा काय संबंध? दाबयंत्रापाशी रात्रंदिवस उभा असतो, त्यानेच फाटला असेल. मालकाला पटलं. तुझाच हिशोब गं, तूच शिकवलास. तुझ्या हिशोबाने मी हरतो तसा कधी जिंकतोही.

माझा हात बेकरीतला आहे, जड बसतो, कबूल. पण एकच मारली होती. आईशपथ.

भिंगरी

*

६ ऑक्टोबर

भिंगरी,

आज तपासणी झाली. जसं घडलं तसं लिहिते, क्रम मोडत नाही.

तुझं ऐकून 'कामाचे हात' असा पाठ ठेवला होता. मागच्या बाकावर तपासणीचे दोघं आणि हेडसर. एका मुलाचे वडील गवंडी, ते आले. अडतीस टकलू, रुंद डोंगर. शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. नऊ. मुलं हसली, तर स्क्रीनवालीने त्यांना गप्प केलं, म्हणाली रेघ बघा, सुईसारखी सरळ आहे, एवढी नेमकी कुणाचीच नव्हती. लोहार येणार होता, आला नाही. आप्पांनी घरी आठ दिवस हे सगळं ऐकलेलं. सकाळी स्वच्छ कपडे घालून काठी घेऊन तयार. मला नाही म्हणता आलं नाही. तिसरा हात लागतच होता.

मुलांना ते आवडले. गोळा कसा आपटायचा, भट्टी कशी ओळखायची, छान सांगत होते. कुणीतरी विचारलं, आजोबा, तुम्ही कुणाला मारलंय का? ते म्हणाले, छे, पोराला कधी एखादी चापट, तेवढंच. मागचा मुलगा म्हणाला, तीच दाखवा. सगळे हसले. तपासणीवालेही हसले.

त्यांनी काठी टेबलाला टेकवली आणि मारली. लाल रेघ एकेचाळीसला गेली. आणि लगेच तिच्या पाठीला लागून निळी. सदुसष्ट.

स्क्रीनवाली म्हणाली, "मॅडम, निळी उठली."

मी म्हटलं वायर सैल असेल. वायर तपासली. आप्पांनी पुन्हा मारली. लाल, निळी. चार वेळा मारली, चारही वेळा तेच आणि दर वेळी निळी उंच. मग एका मुलाने फोनवर घेतलेलं चित्रण पडद्यावर हळू चालवलं. भिंतभर आप्पांचा हात. तळवा येतो, डावा गाल दाबला जातो, हात पुढे निघून जातो. आणि तिथे थांबत नाही. मनगट वळतं आणि तोच हात पाठीने परत येतो, बोटांची हाडं पुढे, उजव्या गालावर. डोळ्याने बघितलं तर एकच हालचाल. डोळा मिटून उघडावा तेवढ्यात सगळं.

"आजोबा, ह्या दोन आहेत," स्क्रीनवाली म्हणाली.

आप्पा म्हणाले, "एकच आहे. गोळ्यावर जाताना सुलटा, येताना उलटा, मिळून एक हात. चाळीस वर्षं मोजलेत, मला मोजायला शिकवू नकोस."

ती शांतपणे म्हणाली, "पण टकलूला दोन लागल्या."

एका मुलाने विचारलं, परतीची जास्त का? उत्तर दुसऱ्याने दिलं, मला द्यावं लागलं नाही: तळव्याला मांस आहे, पाठीला हाड. तो बरोबर होता. मी मान हलवली. तपासणीच्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'तंत्रज्ञानाचा वापर समाधानकारक, विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम.'

घरी येताना आप्पा खुशीत होते. वाटेत तीनदा म्हणाले, पोरांना माझा हात आवडला.

९ ऑक्टोबर. पत्र अर्धं ठेवलं होतं, पुढे लिहिते.

त्याच दिवशी दुपारी जेवताना मी विचारलं. म्हटलं, आप्पा, त्या दिवशी तुम्ही त्याला एक चापट मारलीत. ती बेकरीतली एक का?

ते चावत होते ते थांबले. मग काठी न घेता उठले. किती महिन्यांत काठीशिवाय उठले नव्हते. माझ्यासमोर आले.

"एकच मारली होती," म्हणाले. "ही अशी."

तळवा मला कळला. त्यानंतरचं कळलं नाही. मी ओट्याची कड धरून होते, तोंडात रक्त होतं आणि एक दात जिभेवर सुटा. आणि शपथेवर सांगते भिंगरी, मलासुद्धा एकच वाटली. डोळ्यांनी पाहून, हळू चालवून पाहून, दोन आहेत हे माहीत असून मला एकच वाटली. तुला आठवत नव्हतं यात नवल नाही. तुला तर तेरावं वर्ष होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे. मग बसून उरलेलं जेवले. दुपारी मी त्यांची खाट बाहेरच्या खोलीत टाकली. ताट नेऊन ठेवते, बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले. डावा गाल नुसता लाल होता, उजवा सुजून डोळ्यापर्यंत आला होता. घरून येतानाच ठरवलं होतं, जिन्यावरून पडले म्हणून सांगायचं. बघ, काय सुचलं मला. स्क्रीनवालीने लॅपटॉपवरून मान वर केली आणि फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "मॅडम, निळी?"

मी हो म्हटलं.

सोबत कागदावर छापलेली रेघ पाठवते. आप्पांच्या चौथ्या फटक्याची आहे. आणि तुझं वाक्य.

तू पडला नव्हतास. मी अकरा वर्षं चुकत होते. दिशा खोटं बोलली नाही, मी तिला एकदाच विचारलं होतं, दोनदा विचारायला हवं होतं.

ये.

ताई

*

१६ ऑक्टोबर

ताई,

दुसऱ्या दिवशी येतो म्हणालो होतो. आज चौथा दिवस आहे. का ते सांगतो, मध्ये भरकटलो तर रागावू नकोस.

पत्र दुपारच्या सुट्टीत वाचलं. तुझं वाक्य आधी वाचलं, मग वरचं. वाक्याचा आनंद व्हायला हवा होता, तो दाताच्या ओळीपर्यंतच टिकला. मग मी चाकं खोलायचा मोठा पाना उचलला आणि पिशवीत घातला. कपडे नाही घेतले, पाना घेतला. मग म्हटलं पान्याने नको, म्हातारा मरेल. हातानेच. त्यांनी दिली तशी, एक. जन्मात एकदा त्यांना कळू दे खालून कसं दिसतं.

तो दुसरा टकलू इथे माझ्या कोपऱ्यात होता. त्याला मी आप्पा म्हटलं, डोळेबिळे काढायची गरज नव्हती. तुझ्याकडे यायची गाडी सुटायला वेळ होता. हात मोकळा करावा म्हणून लॅपटॉप जोडला, म्हटलं बघू तरी मी त्यांच्यापेक्षा वर जातो का. आणि ठेवून दिली. एक.

लाल अठ्ठावन्न. निळी ब्याऐंशी.

मी वायर तपासली. तूही आधी तेच केलंस ना? मग पुन्हा मारली. मग ठरवून मारली, हात तिकडेच थांबवायचा, परत आणायचा नाही. आला. दात खाऊन मारली, डाव्या हाताने मनगट धरायच्या तयारीने मारली. आला. किती वेळा मारली माहीत नाही, उशी फाटून स्पंज बाहेर आला आणि माझ्या बोटांची सालं निघाली. निळी एकदाही झोपली नाही. आठव्या वर्षापासूनचा हात आहे, त्याला कुणी थांबायला शिकवलंच नाही. जाऊन आला की एक.

पाना परत जागेवर ठेवला.

मग माझीही रेघ ऑफिसात छापून घेतली आणि तुझा-माझा, दोन्ही कागद घेऊन पोपटकडे गेलो. तो एका चेपलेल्या गाडीच्या आत बसून स्टिअरिंग काढत होता. आमच्यात महिनाभर बोलणं नाही, झोपतो एका खोलीत. मी दारापाशी वाकलो. आवारात सगळे होते, मालकही होता, माझं बोलणं त्याला ऐकू जाईल एवढ्यावर. त्याच्यासमोरच बोलायचं होतं.

मी म्हटलं, पोपट, त्या दिवशी दोन होत्या.

त्याने मान फिरवली, डावा कान माझ्याकडे केला. म्हणाला, "काय?"

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा "काय?" माझा जबडा तुला माहीत आहे, आणि त्याचा कान असा. मागे दाबयंत्र चालू. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मालकाने मागून विचारलं, काय म्हणतोय रे हा? मग मी माझ्या रेघेच्या कागदामागे ग्रीसच्या बोटाने लिहिलं. 'दोन होत्या. दुसरी मी मारली हे मला माहीत नव्हतं. आता आहे. मालकाला मी खोटं सांगितलं.' आणि आत दिला.

त्याने वाचला. उलटून रेघ बघितली, लाल, मग निळी, मग पुन्हा मागचं. उजव्या कानाला हात लावला. पोपट आहे तो, वाटलं आता बोलेल. त्याने कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि स्टिअरिंगकडे वळला.

उद्या त्याला दुसऱ्या डॉक्टरकडे नेतोय. येतो म्हणालेला नाही, पण नाहीही म्हणालेला नाही. ते झालं की तुझ्याकडे येतो. तोवर आप्पांच्या हाताच्या अंतरात उभी राहू नकोस. आणि मी आलो की, माझ्याही.

भिंगरी